कप संपवणारा पहिला

"विश्वास असा असला पाहिजे," असं म्हणून महाबळ साहेबांनी टेबलावर एक काचेची बरणी ठेवली.

बरणी लोणच्याची होती. घासूनपुसून स्वच्छ केली होती, पण झाकणाला अजून मोहरीचा वास येत होता.

"रिकामा?" वर्षा पाटोळेनं विचारलं. ती आमच्या तालुका दूध संघाच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती आणि तिला प्रश्न विचारायची वाईट सवय होती.

"पारदर्शक," साहेब म्हणाले.

मीटिंगला आम्ही नऊ जण होतो. आठ जणांनी माना डोलावल्या. मी सगळ्यांत आधी डोलावली. माझा प्रोबेशनचा पाचवा महिना चालू होता आणि त्या दिवसांत माझी मान माझ्या मालकीची नव्हती.

महाबळ साहेबांना संचालक मंडळानं पुण्याहून आणलं होतं. पद नवं होतं: परिवर्तन प्रमुख. संघात बदल करायचा होता. गावोगावच्या सोसायट्यांचं दूध ट्रकमधून कॅननं यायचं, माणसं ते हातानं उतरवायची, हातानं ओतायची. त्याऐवजी टँकर येणार होते आणि दूध तपासायला एक यंत्र. साहेबांचं म्हणणं असं की बदल नुसता करायचा नसतो. आधी लोकांचा विश्वास मिळवायचा असतो, आणि तो मिळाला की नाही हे रोज मोजायचं असतं. आल्या आल्या त्यांनी स्वतःच्या केबिनचं दार काढून टाकलं होतं. उघडा कारभार. मग आतलं बोलणं बाहेर ऐकू जायला लागलं, म्हणून दार होतं तिथे एक वॉचमन बसवला. तो कुणाला जवळ फिरकू देत नसे.

बरणीची योजना सोपी होती. बरणीच्या एका बाजूला हिरव्या गोट्यांची परडी, दुसऱ्या बाजूला लाल गोट्यांची. घरी जाताना प्रत्येकानं एक गोटी बरणीत टाकायची. नेतृत्वावर विश्वास असेल तर हिरवी, नसेल तर लाल. कुणी कुठली टाकली ते गुप्त. संध्याकाळी गोट्या मोजून आकडा फळ्यावर.

"आणि ह्याचे समन्वयक," साहेबांनी माझ्याकडे हात केला, "निनाद भोईटे."

मलाच का, हे मी नंतर विचारलं. साहेब म्हणाले, "गोट्या तूच आणल्यास ना बाजारातून?"

तर मी विश्वास समन्वयक झालो. चोवीस वर्षांचा होतो. आई ही बातमी गल्लीत सांगायला गेली आणि न सांगता परत आली. पदाचं नाव घेताना तिला हसू येत होतं.

पहिल्या दिवशी बरणीत एक्केचाळीस हिरव्या निघाल्या, एकशे एकोणचाळीस लाल, सात चिंचोके आणि शर्टाचं एक बटण. बटण कोणत्या बाजूला धरायचं हे मी साहेबांना विचारलं. त्यांनी बटण उजेडाकडे धरून बघितलं. "तटस्थ," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बरणीच्या वर कॅमेरा बसला.

"कॅमेरा कशाला?" वर्षानं विचारलं.

"गोट्या चोरीला जाऊ नयेत म्हणून."

"म्हणजे माणसांवर विश्वास नाही?"

"आहे. म्हणून तर कॅमेरा गोट्यांवर आहे."

चौथ्या दिवशी एकशे अठ्ठ्याऐंशी हिरव्या. लाल एकही नाही. चिंचोकेही गेले. पॅकिंगची माणसं गोटी टाकण्याआधी ती कॅमेऱ्यासमोर धरत, देवाला नैवेद्य दाखवतात तशी, आणि मग टाकत. एकानं तर गोटी आधी कपाळाला लावली.

"तीन दिवसांत!" साहेब फळ्यासमोर उभे राहून म्हणाले. त्यांचे डोळे ओलावले होते. हे मी पाहिलंय, रचून सांगत नाही. त्या माणसाला खरोखर वाटत होतं की विश्वास बसला.

पण संघात माणसं दोनशे दहा. बावीस गोट्या कमी होत्या. ही बावीस माणसं डॉकची होती, म्हणजे जिथे दुधाचे ट्रक लागतात तिथली. ती मागच्या फाटकातून घरी जायची, त्यामुळे बरणी त्यांच्या वाटेत येत नव्हती. मी दुसरी बरणी मागच्या फाटकाशी नेऊन ठेवली. तिच्यात आठवडाभर काही पडलं नाही. एक मुंगळा पडला, तो साहेबांनी मोजू दिला नाही.

आमचे चेअरमन जेमतेम सातवी शिकलेले होते, पण बावळट नव्हते. त्यांनी फळा बघितला आणि एकच विचारलं, "ह्यातल्या डॉकच्या किती?"

"डॉक... प्रक्रियेत आहे," साहेब म्हणाले.

"बदल तर डॉकवरच करायचाय न्हवं? पंधरा तारखेला मंडळाची बैठक हाय. डॉकच्या गोट्या दिसू द्यात, मग यंत्राच्या कागदावर सही करतो. उगं उद्या ट्रक आडवे लावून बसतील लोकं."

त्याच दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं. वॉचमनला चहाला पाठवलं, म्हणजे बोलणं खरोखरच गुप्त होतं.

"एक यादी टाईप करायची आहे."

संघात मराठी टायपिंग येणारा मी एकटाच होतो, त्यामुळे सगळी मराठी गुपितं माझ्या हातून जात. इंग्रजी गुपितं साहेब स्वतः सांभाळत. यादीवर मथळा होता: 'नव्या वाटांवर निघालेले सहकारी'. खाली चौदा नावं. चौदाही डॉकची. आणि त्यांना अजून कुणी सांगितलेलं नव्हतं की ते निघालेत.

पहिलं नाव होतं इलाही मुल्लाणी, ग्रेडर, सेवा सत्तावीस वर्षं.

"ही सोळा तारखेला लागेल," साहेब म्हणाले. "तोपर्यंत यादी नाही."

"म्हणजे आहे, पण सांगायचं नाही?"

"नाही. नाही म्हणजे नाहीच. संवादाच्या पातळीवर ती अस्तित्वात नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पंधरापर्यंत डॉकच्या बावीस गोट्या हव्यात. बघ निनाद, सतरा तारखेला तुझी कायम करायची ऑर्डर माझ्या टेबलावर येते. सहीला हात जड होऊ नये एवढंच."

मी यादी टाईप केली. 'मुल्लाणी'मधला 'ल्ला' नीट उमटत नव्हता, म्हणून दोनदा केली.

*

इलाहीचाचाचं काम नाकाचं होतं.

सकाळी सहाला ट्रक लागायचे. कॅन उतरले की चाचा रांगेतून चालायचा. कॅनचं झाकण उचलायचा आणि झाकण हुंगायचा. दूध नाही, झाकण. वास सगळा झाकणाला आतून धरून बसतो, असं तो म्हणायचा. हुंगलं की "जाऊ दे" म्हणायचा, किंवा खिशातला खडू काढून कॅनवर फुली मारायचा आणि म्हणायचा "बाजूला". सहाशे-सातशे कॅन, दीड तास. प्रयोगशाळेत वर्षा तेच दूध नळ्यांमध्ये घालून तपासायची आणि अर्ध्या तासानं चाचाच्या उत्तराशी येऊन पोचायची.

"मला पगार कशाचा देतात कुणास ठाऊक," ती म्हणायची. "चाचाचं शुद्धलेखन तपासायचा देत असतील."

कुणा सोसायटीच्या सेक्रेटरीला फुली पटली नाही तर डॉकची एक रीत होती. मी ती पहिल्यांदा पाहिली ती यादी टाईप केल्याच्या दुसऱ्या दिवशी. बिरू कोळेकर नावाचा सेक्रेटरी दोन्ही हात कमरेवर ठेवून चाचासमोर उभा होता.

"चाचा, आरं पहाटंचं दूध हाय! तुझं नाक म्हातारं झालंया."

"झालं आसंल," चाचा म्हणाला. "कप घे."

सगळं डॉक थांबलं. कुणीतरी स्टीलचा कप आणला. तो पिढ्यान्‌पिढ्या चेपत आलेला होता. चाचानं फुली मारलेल्या कॅनमधून कप भरला आणि बिरूच्या हातात दिला. रीत अशी होती: ज्याला आपलं दूध चांगलं आहे असं म्हणायचंय, त्यानं सगळ्यांसमोर कपभर प्यायचं. तोंड वाकडं न करता कप संपवला तर चाचा हरला, फुली पुसायची, कॅन आत. थुंकला तर कॅन घेऊन घरी जायचं आणि त्यावर परत बोलायचं नाही.

बिरूनं एक घोट घेतला. त्याचा एक डोळा आपोआप मिटला. दुसरा घोट घेतला आणि धावत जाऊन गटारावर वाकला.

डॉक हसलं. चाचानं त्याला पाण्याचा तांब्या दिला, पाठीवर हात फिरवला. "जा. कॅन गरम पाण्यानं धू जरा. घाण दुधाला न्हाई, कॅनला हाय."

बिरूही हसला. चूळ भरून तो चाचाच्याच बिडीवर बिडी पेटवायला बसला.

"कधी कुणी संपवला का हो कप?" मी विचारलं.

"सत्तावीस वर्सांत?" चाचानं झाकण हुंगलं. "जाऊ दे. न्हाई. एकानंबी न्हाई. लोकं खोटं बोलतात रं, पन पोट बोलत न्हाई."

साहेबांच्या तक्त्यावर विश्वास मिळवण्याचे पाच टप्पे होते. पहिला: नातं जोडा. मी जोडायला लागलो. रोज सकाळी कँटीनमधून चाचासाठी चहा घेऊन जायचो. पाच महिन्यांत त्याच्याशी धड पाच वाक्यं बोललो नव्हतो. आता त्याच्या घरचं विचारायचो. धाकटी मुलगी मिरजेला नर्सिंगला होती, पहिलं वर्ष. तीन वर्षांचा कोर्स. चाचाची नोकरीही तीनच वर्षं उरली होती.

"बरोब्बर बसतंय बग," चाचा चहा फुंकत म्हणाला. "ती पास, मी रिटायर. वरच्यानं हिसाब करूनच पोरगी उशिरा दिली."

"हो ना," मी म्हणालो.

दुसरा टप्पा: ऐकून घ्या. मी ऐकून घेतलं. डॉकच्या बावीस जणांना एकाच गोष्टीची शंका होती, आणि ती चुकीची नव्हती. यंत्र येणार म्हणजे माणसं जाणार. यादी झाली असणार.

"मग टाका की लाल गोटी," मी म्हणालो. "मत तरी कळेल."

"आमी काचंत मत टाकत न्हाई," चाचा म्हणाला. "आमी त्वांडावर सांगतो. तुमच्या सायबाला हिकडं येऊ द्या की. दारबी काडलंय न्हवं त्यांनी?"

बारा तारखेला त्यानं मला सरळ विचारलं. चहा संपवला, पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "पोरा, तू तालुक्यातला हायेस. तुझ्या बापाला मी वळखतो. यादी हाय का?"

"नाही."

"माझं नाव?"

"यादीच नाही म्हटल्यावर नाव कुठलं चाचा?"

हे वाक्य मी आदल्या दिवशी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. आरशासमोर ते जास्त चांगलं जमलं होतं.

चाचानं जवळच्या कॅनचं झाकण उचललं, हुंगलं, परत ठेवलं. मग म्हणाला, "बरं. सायबाला आन पंद्रा तारखंला सकाळी. त्यांनी सगळ्यांम्होरं सांगावं. मग बावीसच्या बावीस गोट्या टाकायला लावतो. माझी जबान."

*

पंधरा तारखेला सकाळी सातला महाबळ साहेब पहिल्यांदा डॉकवर आले. पांढरे बूट घालून आले. डॉकवर पांढरे बूट घालणारा एक तर साहेब असतो किंवा मयतीला आलेला पाहुणा.

बावीस माणसं अर्धवर्तुळात उभी होती. प्रयोगशाळेच्या खिडकीत वर्षा होती. एका ट्रकवर बिरू कोळेकर पाय सोडून बसला होता.

साहेब बोलले. प्रवास म्हणाले, कुटुंब म्हणाले, एकच नाव म्हणाले आणि आपण सगळे वल्हवणारे म्हणाले. आमच्या तालुक्यात नाव चालेल एवढं पाणी फक्त पुराच्या साली असतं, त्यामुळे लोकांना थोडा वेळ भलतंच काहीतरी वाटलं.

"यादी हाय का सायेब?" चाचानं विचारलं.

"यादी नावाचं काहीही नाही."

"बरं." चाचा वळला. बाजूला काढलेल्या कॅनपैकी एकाचं झाकण उचललं. त्यावर फुली होती. हुंगलं. मग खाली बसून आणखी एक उघडलं, तेही हुंगलं. जाणकार गिऱ्हाईक खरबूज निवडतं तसं त्यानं तिसरं निवडलं आणि स्टीलचा कप भरला. दूध कपात पडताना आवाज दुधाचा नव्हता.

"आमच्याकडं रीत हाय," तो म्हणाला. "जो कॅनची ग्वाही देतो त्यो कप पितो. तुमी म्हन्ता न्हाई, आमी म्हन्तो आसंल. घ्या. संपवला तर आमी हरलो. गोट्या तयारच हायत."

बावीस जणांनी मुठी उघडून दाखवल्या. प्रत्येकाच्या तळव्यावर एक हिरवी गोटी होती.

साहेबांनी कपात डोकावून पाहिलं आणि अर्धं पाऊल मागे सरले.

"मला दूध पचत नाही," ते म्हणाले.

दूध संघाच्या डॉकवर, सातशे कॅनच्या मध्ये उभं राहून तो माणूस हे म्हणाला. ट्रकवरचा बिरू हातावर तोंड दाबून हसला.

"लहानपणापासून," साहेबांनी खुलासा केला. "मी बदामाचं घेतो." मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हात उबदार होता. "निनाद घेईल. ही जबाबदारी त्याचीच आहे. तो समन्वयक आहे."

चाचानं कप माझ्यापुढे धरला.

त्याच्याकडे बघायला नको म्हणून मी कपाकडे बघितलं. कपाकडे बघायला नको म्हणून डोळे मिटले. मग डोळे मिटणं म्हणजे तोंड वाकडं करणंच होईल, असं वाटून उघडले.

"सावकाश," चाचा अगदी हळू म्हणाला, फक्त मला ऐकू जाईल असं. "न्हाई झेपलं तर गटार हितंच हाय. कोन कायबी म्हननार न्हाई."

पहिला घोट आंबट होता, ते मला अपेक्षित होतं. दुसऱ्यात गुठळ्या होत्या. तिसऱ्या घोटाला मला बिरूची पाठ आठवली, गटारावर वाकलेली, आणि पोटातून सगळं वर आलं. मी ते परत गिळलं. सतरा तारीख, मी मनात म्हणत होतो. सतरा तारीख, सतरा तारीख. चौथा घोट. पाचवा. वर्षानं खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. तळाला जो घट्ट थर राहिला होता तो मी जिभेनं घेतला. तेवढं करायची गरज नव्हती. रीतीत तसं काही नव्हतं.

मी कप उलटा करून दाखवला. वर थोडा हसलोसुद्धा.

यावेळी डॉक हसलं नाही.

चाचानं कप माझ्याकडून घेतला. तो उलटा धरून बघितला, आतून हुंगला. मग खाली बसला आणि हातानं त्या कॅनवरची फुली पुसली. सत्तावीस वर्षांतली पहिली.

"जाऊ द्या, साहेब," तो म्हणाला.

महाबळ साहेबांना वाटलं त्यांना म्हणाला. ते "थँक्यू, थँक्यू" म्हणाले.

ओळीनं बावीस माणसं फाटकाशी गेली आणि बरणीत बावीस गोट्या पडल्या. सगळ्यांत शेवटी चाचाची. दुपारी फळ्यावर 'शंभर टक्के' लिहिलं गेलं. ते मी लिहिलं, दोन वेळा मध्येच पळत जाऊन. चेअरमननी बरणी हातात घेऊन हलवली, डॉकचीच आहे ना विचारलं, आणि सही केली. साहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं तेव्हा मी संडासात होतो. टाळ्या ऐकू आल्या.

*

यादी सोळाला लागली. चौदा नावं, साहेब म्हणाले होते तशीच. 'मुल्लाणी' स्वच्छ उमटलं होतं.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, ट्रक आडवे लागतील. मी त्या भीतीनं मागच्या खोलीत बसून होतो. काही झालं नाही. नंतर कळलं, पोरं पेटली होती, पण चाचानंच बसवली. गोटी टाकली ती टाकली म्हणाला.

सतराला माझी ऑर्डर निघाली. साहेबांच्या सहीचा हात जड झाला नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चाचा सही करायला ऑफिसात आला. हिशेबाचा माणूस जेवायला गेला होता, म्हणून मीच रजिस्टर पुढे केलं. त्यानं सही केली. पेनचं टोपण लावून पेन जिथं होतं तिथं ठेवलं.

"चाचा," मी म्हणालो, "मला खरंच माहीत नव्हतं."

हेसुद्धा मी म्हणालो. कप संपवल्यावर माणसाला बाकीचं सोपं जातं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तुम्ही पहिल्या दिवशी चहा घेऊन आला ना, तवाच. पाच महिने ह्या पोरानं आपल्याकडं बघितलं न्हाई आन आज बिस्किटबी आणलंय. घरी जाऊन बायकोला सांगितलं, यादी झाली म्हणून. माझं नाव वर हाय म्हणून."

"मग..." मी म्हणालो. "मग कप कशाला पाजलात?"

चाचा खुर्चीवरून उठला. खिशात हात घातला, खडूचा तुकडा काढून माझ्या रजिस्टरवर ठेवला. आता त्याला त्याचं काम नव्हतं.

"थुंकतो का बगायचं होतं," तो म्हणाला. "थुंकला असता तरी यादी लागलीच असती, साहेब. ते काय मला कळत न्हाई व्हय? पन मी तुम्हाला अजून अरं-तुरं केलं असतं."

तो गेला. साहेबांच्या केबिनवरून जाताना थांबला, दार नसलेल्या चौकटीकडे बघितलं, वॉचमनला रामराम केला आणि मागच्या फाटकानं बाहेर पडला.

ह्याला नऊ वर्षं झाली. यंत्र बसलं. ते हुंगत नाही, आकडा दाखवतं. त्याच्याशी कुणी भांडत नाही आणि त्याच्यासमोर कुणाला कप प्यावा लागत नाही. वर्षा नोकरी सोडून गेली, जाताना मला भेटली नाही. महाबळ साहेब आता एका मोठ्या कंपनीत विश्वास मोजतात. तिथे गोट्या नाहीत, ॲप आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला तिथे बोलावून घेतलं. आता माझ्या हाताखाली सहा समन्वयक आहेत.

मागच्या महिन्यात मिरजेला आईला दवाखान्यात नेलं होतं. सलाईन लावायला आलेल्या नर्सच्या छातीवर नावाची पट्टी होती: मुल्लाणी. ती हसतमुख होती, हात हलका होता. आईला सुई कळलीसुद्धा नाही. आईनं तिच्याशी लगेच अरे-तुरे सुरू केलं, कुठली गं तू, बाप काय करतो.

"घरीच असतात," ती म्हणाली. "दूध आलं की आधी झाकण हुंगतात."

मग तिनं फॉर्मवर नातेवाईकाचं नाव वाचलं. निनाद भोईटे. तिनं नावावर बोट ठेवलं. मग वर बघितलं, अगदी अदबीनं.

"तुम्ही बाहेर बसा, साहेब," ती म्हणाली.